आयटी कंपन्या पुणे-बंगळुरूतच का जातात?

साखर कारखाना उसाच्या पट्ट्यातच उभा राहतो, कारण तोडलेला ऊस लांब नेला तर साखर घटते. सॉफ्टवेअरला असा कच्चा माल लागत नाही. इंटरनेटही सगळीकडे पोहोचलंय. तरी आयटी कंपन्या मोजक्याच शहरांत का?

ग्राहक : इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली, पण १९८३ मध्ये बंगळुरूला गेली. तिचा एक महत्त्वाचा ग्राहक तिथे होता.

मनुष्यबळ : बंगळुरूत १९०९ पासून भारतीय विज्ञान संस्था आहे. पुण्यात इंजिनीअरिंग कॉलेजं भरपूर.

जागा आणि प्रवास : हिंजवडीत एमआयडीसीने आयटी पार्क उभारला. तिथून मुंबईचं आंतरराष्ट्रीय विमानतळ गाडीने गाठता येतं.

पण सगळ्यात मोठं कारण आहे गर्दी. एक नोकरी सुटली तर त्याच शहरात दुसरी मिळते, म्हणून इंजिनीअर तिथे जातात. इंजिनीअर तिथे मिळतात, म्हणून नवी कंपनीही तिथेच येते.

हे चक्र दुसरीकडे सुरू करणं सोपं नाही. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल आल्या, पण एक-दोन मोठ्या कंपन्यांनी भागत नाही. म्हणूनच घरी फायबर असूनही लातूर-परभणीची मुलं पुण्याची गाडी पकडतात.