विनंती-कालमर्यादा, एंडपॉइंटनिहाय
वेब सर्व्हरच्या एकेका एंडपॉइंटला उत्तर देण्यासाठी स्वतंत्रपणे नेमून दिलेली कमाल वेळ. सर्वांना एकच मर्यादा ठेवल्यास अडकलेली लॉगिन-विनंती वेळीच तुटत नाही आणि मोठा अहवाल मात्र अर्ध्यावर तुटतो. त्यातून ही पद्धत आली. एनजिनएक्समध्ये ती लोकेशन विभागात लिहितात. तेथील ६० सेकंदांची मूळ वाचन-मर्यादा संपूर्ण उत्तराला नसून लागोपाठच्या दोन वाचनांमधील खंडाला लागू असते (पहा : रिव्हर्स प्रॉक्सी). एएसपी.नेट कोअरमध्ये ही सोय आठव्या आवृत्तीत (२०२३) आली. मुदत संपताच विनंती हाताळणाऱ्या कोडला (हँडलरला) काम रद्द करण्याचा संकेत मिळतो. हँडलरने तो डेटाबेस-क्वेरीपर्यंत पोहोचवला नाही, तर काम चालूच राहते. हा भाग सर्वांत महत्त्वाचा. विनंती थांबली की ग्राहकाला सामान्यतः ५०४ संकेतांक जातो (पहा : एचटीटीपी). संकेत क्वेरीपर्यंत पोहोचला, तर रखडलेल्या विनंत्यांनी अडवलेल्या डेटाबेस-जोडण्या मर्यादेमुळे मोकळ्या होतात (पहा : कनेक्शन पूल).