राखणीची बंदूक

भारतात बंदुकीचा परवाना हा हक्क नाही, सरकारची मर्जी आहे, असं आपण सर्रास म्हणतो. बहुतांशी ते खरंही आहे. पण १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमात एक जागा अशी आहे, जिथे कायदा अधिकाऱ्याला 'देऊ शकेल' म्हणत नाही, 'देईल' म्हणतो. खरोखरच पिकाच्या राखणीसाठी कुणी ठासणीची बंदूक मागितली आणि नकाराची कायद्यात दिलेली कारणं त्याला लागू होत नसली, तर परवाना द्यायचा. त्याच वाक्यात संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही उल्लेख आहे. पिस्तूल, रिव्हॉल्वर, रायफल यांच्यासाठी मात्र 'सबळ कारण' पटवून द्यावं लागतं.

प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला 'शकेल' आणि 'ईल' यांतला फरक लगेच टोचतो. मी हे कलम वाचलं ते चुलतभावामुळे. पुण्यातली नोकरी सोडून तो मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी काजू, नारळ आणि थोडं भात करतो. वानरांनी कोवळे नारळ पाडून आणि रानडुकरांनी भात लोळवून त्याची दोन वर्षं खाल्ली. त्याने फोन करून विचारलं, "माका सांग, पयली बंदूक खयची घेव?" ऑनलाइन अर्ज म्हणजे माझं खातं, अशी घरात समजूत आहे. अर्जातला एकेक रकाना कुठून आला हे शोधत गेलो आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे पोचलो.

आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. त्याआधी या मुलखात दोन राजवटी शेजारी नांदत होत्या. मालवण आणि वेंगुर्ला १८१२ मध्ये इंग्रजांकडे गेले आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्यात आले. कुडाळ, बांदा, सावंतवाडी हा भाग सावंतवाडी संस्थानाचा. तेरेखोलच्या पलीकडे पोर्तुगीज. संस्थानाचा कारभार १८३८ मध्ये इंग्रजांनी हाती घेतला आणि १८४४ मध्ये कोल्हापूरपाठोपाठ इथेही गडकऱ्यांचं बंड झालं. फोंड सावंत तांबुळकर त्यातले प्रमुख. मनोहर आणि मनसंतोष हे गड जानेवारी १८४५ मध्ये पडले आणि बंडवाले सीमा ओलांडून गोव्यात गेले. डोंगर, दाट रान आणि दोन पावलांवर परकी हद्द असलेल्या या मुलखात घरोघरी बंदुका असणं इंग्रजांच्या लेखी काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

१८५७ च्या उठावात शस्त्रांवर निर्बंध घालणारा कायदा आला. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत तो पक्का झाला. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी केली आणि युरोपियनांना सूट दिली. मात्र जमीन कसणाऱ्याची अडचण सरकारला कळत होती, कारण सारा तिथूनच यायचा. म्हणून नियमांमध्ये पिकांच्या राखणीसाठी वेगळ्या परवान्याची सोय राहिली. शेतकऱ्याच्या हातात बंदूक द्यायची, पण त्याच्यावर विश्वास टाकायचा नाही, अशी ती तडजोड होती.

या कायद्याविरुद्ध काँग्रेस अगदी सुरुवातीपासून बोलत होती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात त्याबद्दल ठराव झाला. अध्यक्ष होते मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी. पहिल्या महायुद्धानंतर नियमांतला वांशिक भेद गेला, परवाना राहिला. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांतली मिठाची मागणी आपल्याला पाठ आहे. वेंगुर्ला तालुक्यातल्या शिरोड्याचा सत्याग्रह त्यातूनच झाला. पण त्याच यादीत आत्मसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत आणि त्यावर लोकांचं नियंत्रण असावं, अशीही मागणी होती. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने ती करावी यात विसंगती नाही. निःशस्त्र केलेल्या माणसाला अहिंसा निवडता येत नाही, ती त्याच्यावर लादलेली असते. पुढच्या वर्षी कराचीच्या अधिवेशनात मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही आला.

स्वातंत्र्य मिळालं आणि तो हक्क घटनेत मात्र आला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला. सराईत गुन्हेगारालाही हा हक्क द्यायचा का, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. मग १८७८ चा कायदा आणखी काही वर्षं तसाच चालला. डिसेंबर १९५९ मध्ये नवा अधिनियम मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. कराचीच्या ठरावातलं जे काही त्यात उरलं, ते १३ व्या कलमातल्या त्या 'देईल'मध्ये. त्यातही शेतकऱ्याच्या वाट्याला आली ती ठासणीचीच.

ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे माझ्या पिढीला सांगावं लागतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा. प्रत्येक वेळी गजाने ठासायचं. मागे निपलावर टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. एका बारानंतर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. कोकणच्या पावसाळ्यात दारू सर्दावते आणि ऐन वेळी घोडा नुसताच खट् वाजतो. वानरांचा कळप आवाजाने पळतो हे खरं. पण दुसरा बार भरेपर्यंत तो माडाच्या दुसऱ्या टोकाला हजर असतो.

याची जाणीव कायदा करणाऱ्यांना होती. त्याच कलमाला एक परंतुक जोडलेलं आहे: ठासणीची बंदूक राखणीला पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल. इथे क्रियापद पुन्हा 'शकेल'वर येतं. म्हणून नवख्याने निवड दुकानात नाही, अर्जाच्या 'कारण' या रकान्यात करायची असते. काडतुसाची हवी असेल तर ठासणीची का पुरत नाही, हे तिथेच लिहायचं: जमिनीचा उतार, रानाची हद्द, पावसाळा, आधीच्या नुकसानीचे पंचनामे. सोबत सातबारा.

बाकीची वाट २०१६ च्या नियमांनी आखली आहे. वय किमान २१. अर्ज अ-१ नमुन्यात, जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा दाखला, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण, घरात कुलपात ठेवण्याची सोय. पोलिसांचा अहवाल. नकार आला तर तो लेखी कारणांसह मागता येतो आणि अपीलही करता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. घरात वडिलांची बंदूक असेल तर वेगळी वाट आहे. मूळ परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा त्याने ती पंचवीस वर्षं बाळगली, तर त्याच्या हयातीतही वारसाच्या नावे परवाना मागता येतो.

काडतुसाची मिळालीच, तर बारा बोअरची एकनळी नवख्याला पुरते. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीएवढा नळीचा व्यास, सुमारे साडेअठरा मिलिमीटर. जुनी विलायती बंदूक घेताना काडतुसाचं घर ६५ मिलिमीटरचं आहे की ७० चं, हे तपासून घ्यावं. लहान घरात लांब काडतूस बसल्यासारखं वाटतं आणि उडताना दाब धोकादायक वाढतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं दोन्ही मापांत येत आली आहेत. दस्ता खांद्याला नीट लागतो का, हे भरण्याआधी पाहावं. आणि झाडीत हलणारं काही दिसलं म्हणून बार काढू नये. रानडुक्कर समजून माणूस मारला गेल्याच्या बातम्या कोकणाला नव्या नाहीत.

इथवर आलं की दुसरा कायदा आडवा येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीला बंदी केली. पीक नासणारं जनावरही मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. म्हणजे राखणीच्या बंदुकीचा बिनपरवानगीचा उपयोग एकच उरतो, हवेत बार काढणं. त्याच अधिनियमाचं ३४ वं कलम म्हणतं, की अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर आधी मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती हवी. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रातल्या प्रवाळांसाठी आणि माशांसाठी. कलमाची भाषा समुद्र आणि जमीन असा भेद करत नाही. त्यामुळे कुंभारमाठातल्या माणसाने आंब्यावरची वानरं हाकलायला पहिली बंदूक मागितली, तर कायद्याच्या अक्षराप्रमाणे पाण्याखालच्या प्रवाळांमुळे तिची फाईल नागपूरला जायला हवी.

मग निवडणूक. आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. सरसकट जमा करू नका, प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करा, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे आणि त्यासाठी छाननी समितीही असते. पण २०२४ चं पंचांग पाहा. लोकसभेचं मतदान इथे ७ मे रोजी, म्हणजे आंबा-काजूचा हंगाम. विधानसभेचं २० नोव्हेंबरला. त्याची आचारसंहिता लागली तेव्हा भात कापणीला आलेलं. ज्या महिन्यांसाठी परवाना, त्याच महिन्यांत बंदूक ठाण्यात.

तुलनेला कोडगू घ्या. कोडवा समाजाला इंग्रजांनी शस्त्र कायद्यातून दिलेली सूट आजही चालू आहे. केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. इंग्रजांशी निष्ठा दाखवल्याचं ते बक्षीस होतं. सावंतवाडीच्या मुलखाने बंड केलं, त्याला बक्षीस कुठलं मिळणार? ती सूट इथे आणावी असं माझं म्हणणं नाही. बंदुका वाढल्याने कुणाचं भलं झाल्याचं मला दिसत नाही. पण १८७८ मध्ये परवाना ठरला तो राजनिष्ठेवर, आणि १९५९ मध्ये निदान एका वाक्यात तो गरजेवर ठरला. आंबेडकरांची शंका रास्त होती, आणि ते वाक्य तिला उत्तर देऊनच लिहिलेलं आहे: गुन्हेगाराला वगळा, कसणाऱ्याला द्या.

भावाने शेवटी काडतुसाच्या एकनळीसाठी अर्ज केला. 'कारण' या रकान्यात परंतुकाचा उल्लेख, तीन पंचनामे आणि जमिनीचा नकाशा. 'देईल' आणि 'देऊ शकेल' यांच्या मधल्या जागेत सध्या त्याची फाईल आहे. राखण तोवर पत्र्याच्या डब्यावर काठी बडवून चालू आहे.