शेठ लोकांची मर्सिडीज रेसमध्ये उतरली आणि तिचं नाव पडलं 'लाल डुकरीण'

सात माणसं आणि सगळं सामान भरलेली गाडी खंडाळ्याचा घाट उतरून पनवेलला येते, तेव्हा खाली पोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास सुटतो. वजनदार गाडी थांबवायला जास्त ताकद लागते आणि त्या ताकदीची उष्णता होते. रेसमध्ये हेच दर वळणावर घडतं, तेही दुप्पट वेगात. म्हणून रेससाठी कायम हलकी गाडी शोधतात.

तरीही दोन जर्मन इंजिनिअर्सनी थेट पावणेदोन टनांची आलिशान सेडान उचलली.

गाडी होती मर्सिडीज ३०० एसईएल ६.३, आली १९६८ साली. मागच्या सीटवर साहेब, पुढे ड्रायव्हर, असा हिचा थाट. पण बॉनेटखाली ६.३ लिटरचं व्ही-८ इंजिन, २५० हॉर्सपॉवरचं. १९६९ मध्ये खुद्द मर्सिडीजनेच ती बेल्जियममधल्या स्पाच्या २४ तासांच्या रेसला नेली होती. सरावातच टायर टिकेनात, म्हणून रेसआधीच माघार घ्यावी लागली.

मग १९७१ मध्ये आली एएमजी. आज हे नाव म्हटलं की कोट्यवधींच्या गाड्या आठवतात, पण तेव्हा हे चार वर्षांचं छोटं वर्कशॉप होतं. ए म्हणजे ऑफरेख्ट, एम म्हणजे मेल्शर आणि जी म्हणजे ऑफरेख्ट यांचं जन्मगाव ग्रोसआस्पाख.

त्यांनी इंजिन ६.८ लिटरपर्यंत वाढवलं आणि ताकद गेली ४२८ हॉर्सपॉवरवर. ऑटोमॅटिक काढून पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स घातला. दरवाजे ॲल्युमिनियमचे केले. टायरचा धडा १९६९ मध्ये मिळालाच होता, त्यामुळे चाकं एवढी रुंद घेतली की मडगार्ड फुगवावे लागले. एवढं करूनही वजन भरलं १,६३५ किलो! म्हणजे डाएट फारसं झालंच नाही, खरा भर ताकदीवर होता.

आता हा जुगार चालला कसा? कारण ट्रॅक. तेव्हाचं स्पा म्हणजे गावांमधून जाणारे रस्ते जोडून केलेला १४ किलोमीटरचा प्रचंड वेगवान फेरा. सरळ पट्टे लांबच लांब, त्यामुळे वळणावर गमावलेला वेळ ही गाडी सरळ रस्त्यावर भरून काढायची. टॉप स्पीड ताशी २६५ किलोमीटर. आखूड, वळणावळणाच्या ट्रॅकवर हिचं काही खरं नव्हतं, असं आपलं मत.

हान्स हेयर आणि क्लेमेन्स शिकेनटान्झ यांनी आळीपाळीने ती २४ तास पळवली. पहिली आली फोर्ड कॅप्री, तिच्यापेक्षा कितीतरी हलकी. दुसरी आली ही लाल मर्सिडीज, शिवाय आपल्या गटात पहिली! 'रोटे झाऊ', म्हणजे लाल डुकरीण, हे नाव तिला कायमचं चिकटलं.

पुढे फ्रान्सच्या मात्रा कंपनीने ती विमानाचे टायर तपासायला विकत घेतली. त्यासाठी चक्क कापून लांब केली. मूळ गाडी आज शिल्लक नाही, आज दिसते ती २००६ मध्ये बनवलेली हुबेहूब प्रतिकृती.

एएमजी नंतर मर्सिडीजच्याच मालकीची झाली. आणि २०२० पासून एएमजीच्या काही गाड्यांची जुळणी चाकणला होते, पनवेलहून घाट चढला की पलीकडेच.