क्रँकची विद्या : सीमाभागातील टू-स्ट्रोक पर्वाची एक नोंद

आपल्या मराठी घराण्यांचा इतिहास आपण सनदा, वतनांचे कागद आणि कुलवृत्तान्त यांतून शोधतो. ती रीत योग्यच आहे. तथापि ज्या यंत्राच्या पाठीवर बसून आपल्या दोन पिढ्यांनी शाळा, कचेऱ्या, शेते आणि लग्नकार्ये गाठली, त्या टू-स्ट्रोक मोटारसायकलीची नोंद आपण फारशी ठेवली नाही. ती उणीव अल्पांशाने भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले आणि जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर व निलंगा मुंबई राज्यात गेले. जहीराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात. आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा आपला भाग म्हैसूर राज्यात आला. गुलबर्गा, म्हणजे २०१४ पासूनचे कलबुर्गी, तेही म्हैसुरातच आले. लेक निलंग्याला, माहेर भालकीला आणि कचेरी बिदरला, अशी आपल्या घरांची अवस्था झाली. अशा वेळी स्वतःचे वाहन ही चैन राहिली नाही. ती नात्यांची गरज झाली.

योगायोग असा की, हे वाहन आपल्याकडे नव्या राज्याच्या जुन्या राजधानीतूनच आले. म्हैसूर येथील आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्याने मोटारसायकली तयार होऊ लागल्या. पुढे त्याच गाड्या येझदी या नावाने ओळखल्या गेल्या. पश्चिमेकडून, पुण्याजवळच्या आकुर्डीहून, १९७२ नंतर बजाज चेतक आली आणि त्याच वर्षी अहमदनगरच्या कायनेटिकची लूनाही. ही तिन्ही वाहने टू-स्ट्रोक होती.

टू-स्ट्रोक इंजिनाचे मूळ ब्रिटनमध्ये आहे. ड्युगाल्ड क्लर्क यांनी १८८१ मध्ये त्याचे पेटंट घेतले, तर १८९१ च्या सुमारास जोसेफ डे यांनी क्रँककेसमधूनच मिश्रण दाबून वर पाठविण्याची युक्ती काढली. या रचनेत फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत आणि वंगणाची वेगळी टाकी नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल, साधारणतः शंभर भागांस दोन ते पाच भाग, हेच क्रँकचे वंगण. भाग थोडे, म्हणून दुरुस्ती सोपी. आणि म्हणूनच तालुक्याच्या गावी, झाडाखालच्या मिस्त्रीलाही हे इंजिन खोलता आले. परंतु मेख तेथेच आहे. तेल चुकले की पहिला घाव क्रँकच्या तळच्या बेअरिंगवर बसतो.

हे आम्ही स्वानुभवाने शिकलो. नोकरीच्या आरंभीच्या काळात आमच्याकडे जुनी येझदी होती. २४८.५ घन सेंटीमीटरचे एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. तीवरून आम्ही बिदरच्या तांबड्या जांभ्याच्या धुळीतून आणि कलबुर्गीकडच्या काळ्या मातीच्या चिखलातून गावोगाव फिरलो. कचेरीच्या घाईत तेलाचे माप पाहण्याची शिस्त आम्ही पाळली नाही, हे मान्य केले पाहिजे. एके दिवशी इंजिनातून खट्‌खट् असा जड आवाज येऊ लागला. मिस्त्रींनी कान लावून सांगितले, "साहेब, हा आवाज वरचा नाही, खालचा आहे." खर्च ऐकून आम्ही कचरलो आणि केवळ बोअर करून नवा पिस्टन बसविण्याचा आग्रह धरला. त्यांनी आमचे ऐकले. सहा महिन्यांत रॉडच्या बेअरिंगचे रोलर झिजून फुटले, त्यांच्या तुकड्यांनी नवा पिस्टनही ओरखडला, आणि रात्री आडरानात गाडी ढकलण्याची वेळ आमच्यावर आली.

दुसऱ्या वेळी आम्ही गॅरेजच्या बाकावर बसून सारे काम पाहिले. ब्लॉक काढल्यावर मिस्त्रींनी रॉड हातात धरला. तो आडवा किंचित हलला तर चालतो. वर-खाली हलता कामा नये. आमचा हलत होता. मग क्लच आणि डायनॅमो पुलरने ओढून क्रँककेसच्या दोन फाळ्या वेगळ्या करण्यात आल्या. शेजारच्या पोऱ्याने मध्ये स्क्रूड्रायव्हर घालताच मिस्त्री ओरडले. त्या तोंडावर ओरखडा पडला तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन जाम होतो. फाळ्या लाकडी हातोडीनेच सोडवायच्या.

आपल्याला क्रँक हा एकसंध लोखंडी दांडा वाटतो. वस्तुतः टू-स्ट्रोकचा क्रँक जोडीव असतो: दोन जड चकत्या, मधली पिन, रॉड आणि रोलर बेअरिंग. प्रेसवर जुनी पिन दाबून काढली, नवी पिन, रोलर आणि रॉड बसविले. खरी परीक्षा त्यानंतर. दोन्ही चकत्या एका रेषेत आहेत की नाही, हे क्रँक फिरवून डायलवर पाहतात. फरक मिलिमीटरच्या काही शतांशांपुरताच चालतो. काटा पाहायचा, पितळी हातोडीचा एक ठोका द्यायचा, पुन्हा फिरवायचे. या एका कामाला अर्धा दिवस गेला. शेवटी केसिंग तापवून नवी बेअरिंगे बसविली आणि दोन्ही बाजूंची ऑईल सीलही बदलली. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरचे तेल आत ओढले जाऊन निळा धूर होतो. दुसऱ्या बाजूचे गेले तर हवा शिरते. "क्रँक नवा, सील जुने, असे करू नका," हा त्यांचा उपदेश होता.

त्यानंतर त्या गाडीने आम्हांस अनेक वर्षे साथ दिली. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २००० पासून धुराचे नियम कडक होत गेले, तसतशी टू-स्ट्रोक मोटारसायकल बाजारातून गेली. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये परत आले, पण फोर-स्ट्रोक इंजिन घेऊन.

आमचे ते मिस्त्री आता हयात नाहीत. ते आमच्याशी मराठीत, पोऱ्याशी दखनीत आणि गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये बोलत. क्रँक सरळ करण्याची रीत त्यांनी कोणत्याही भाषेत लिहून ठेवली नाही. त्यांच्या मुलांनी तो धंदा घेतला नाही. आमच्या मुलांनीही गाव सोडले आहे. आमची येझदी ओसरीत उभी आहे. ती भंगारात द्यावी काय, असा प्रश्न घरात दर दिवाळीला निघतो, आणि दर दिवाळीला आम्ही तो पुढे ढकलतो.

वाचकांना एक विनंती. आपल्या गावी असा एखादा जुना मिस्त्री असेल, तर त्याच्याजवळ बसून त्याचे काम, त्याची हत्यारे आणि त्याचे शब्द वहीत उतरवून घ्यावेत. आम्ही ते वेळीच केले नाही. वर लिहिले ते केवळ आठवणीतले आहे.