गांजा, भांग आणि शेतकरी : कायदा काय सांगतो? गावात नेहमी विचारले जाणारे ११ प्रश्न

तुरीत, उसात, मक्यात नाहीतर केळीच्या बागेत गांजाची झाडं सापडली, शेतकऱ्यावर गुन्हा दाखल, अशा बातम्या अधूनमधून येत असतात. बातमी आली की पारावर चर्चा सुरू होते. 'भांग चालते मग गांजा का नाही?', 'उत्तराखंडात तर सरकारच परवाना देतं म्हणे.' अर्धवट माहितीवर एखादा माणूस धाडस करतो आणि अख्खं घर कोर्टाच्या फेऱ्यांत अडकतं. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं इथे देत आहोत.

१. गांजा, चरस आणि भांग वेगवेगळे आहेत का?
झाड एकच. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. झाडाच्या चिकट राळेपासून होतो तो चरस. पानं वाटून करतात ती भांग. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात (एनडीपीएस) गांजा आणि चरस दोन्ही येतात. शेंड्याशिवाय असलेली नुसती पानं आणि बी मात्र त्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत.

२. म्हणजे महाराष्ट्रात भांग मोकळी आहे?
नाही. इथेच लोक फसतात. भांगेचा विषय राज्यांच्या कायद्यावर सोडलेला आहे. राजस्थानात परवान्याची भांगेची दुकानं आहेत. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय भांग बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. महाशिवरात्र असो की होळी, सणाची सूट नाही. तिकडून येताना पिशवीत आणली तरी इथे गुन्हाच.

३. दोन-चार झाडं लावली तर चालतं का?
चालत नाही. परवान्याशिवाय झाड लावणं हाच गुन्हा आहे. कलम २० प्रमाणे लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. परसात लावलं काय आणि पिकाच्या मधोमध लपवून लावलं काय, कलम तेच.

४. माल सापडला तर किती वजनाला किती शिक्षा?
गांजासाठी असं आहे :
- १ किलोपेक्षा कमी : १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- १ किलोपासून २० किलोपर्यंत : १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड.
- २० किलोपेक्षा जास्त, म्हणजे 'व्यावसायिक प्रमाण' : कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त २० वर्षं, दंड १ ते २ लाख.

चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो असे आहेत. व्यावसायिक प्रमाणात जामीन मिळणं फार अवघड असतं. ज्या गाडीतून माल नेला ती गाडीही जप्त होऊ शकते.

५. पोलीस ओली झाडं मुळासकट तोलतात. ते सगळं वजन गांजाचंच धरतात का?
हा मुद्दा कोर्टात नेहमी निघतो. व्याख्येप्रमाणे शेंडे म्हणजे गांजा. मुळं, खोड आणि नुसती पानं नव्हे. त्यामुळे पंचनाम्यात नक्की काय तोललं, हे वकिलाने बारकाईने बघायला हवं. पण या मुद्द्याच्या भरवशावर लागवड करू नका. लागवडीचा गुन्हा वजनावर ठरत नाही.

६. जमीन माझी, कसतो बटईदार. मी अडकतो का?
झाड ज्या जमिनीत उभं आहे ती जमीन जो कसतो, त्याच्यावर आधी ठपका येतो. आपल्याला माहीत नव्हतं हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. मालकाचं काय? कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत अशी लागवड झाल्यास ताबडतोब पोलिसांना कळवणं हे जमीनधारकाचं कर्तव्य आहे. माहीत असून गप्प बसला तर तोही शिक्षेला पात्र. म्हणून पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी जमीन वाट्याने देताना साधा का होईना कागद करावा, त्यात कोणतं पीक घेणार ते लिहावं आणि हंगामात एक-दोनदा शेतात चक्कर मारावी.

७. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी यांची जबाबदारी काय?
कलम ४७ त्यांच्यासाठीच आहे. पंच, सरपंच आणि गावपातळीवरचा प्रत्येक अधिकारी यांना अशा लागवडीची माहिती कळली तर ती लगेच पोलिसांना देणं बंधनकारक आहे. 'गावातला माणूस आहे, कशाला वाईट व्हायचं' म्हणून डोळेझाक केली तर तेही अडचणीत येतात.

८. बांधावर झाड आपोआप उगवलं तर?
आपोआप उगवणं म्हणजे लागवड नव्हे. पण ते सांगायची वेळ धाड पडल्यावर येऊ देऊ नका. झाड उपटून घरी आणू नका, वाळवू तर अजिबात नका. पोलीस पाटलाला सांगा, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि अर्जाची पोच जपून ठेवा.

९. अंबाडी आणि तागाचं काय?
बिनधास्त लावा. अंबाडीची वरची पानं बोटांसारखी फाटलेली असल्याने फोटोत घोटाळा होतो. पण अंबाडीचं पान आंबट, खोडाला बारीक काटे आणि फूल मोठं पिवळं, मध्ये गडद. गांजाची पानं एका देठावर पंजासारखी सुटी, कडा करवतीसारख्या आणि वास उग्र. हिरवळीच्या खताचा ताग (बोरू) इंग्रजीत 'सन हेंप' म्हणून ओळखला जातो, पण त्याचा गांजाशी संबंध नाही.

१०. उत्तराखंडात हेंपची शेती होते. आपल्याकडे कंपनी करार करते म्हणाली तर?
उत्तराखंडाने २०१८ पासून परवाना देऊन औद्योगिक हेंपची लागवड सुरू केली. त्यात नशा आणणारा घटक, म्हणजे टीएचसी, ०.३ टक्क्यांच्या आत लागतो. धागा आणि बी हे तिथलं उत्पन्न. २०२१ मध्ये हेंपचं बी, तेल आणि पीठ यांना देशात अन्न म्हणूनही मान्यता मिळाली. पण बियांचं तेल विकायला परवानगी मिळाली म्हणजे शेतात झाड लावायला मिळाली असं नाही. महाराष्ट्रात तसं लागवडीचं धोरण लागू झालेलं नाही. कंपनीचा करार म्हणजे सरकारी परवाना नव्हे. रोपांसाठी आगाऊ पैसे मागितले तर आधी तुमच्या नावाचा, तुमच्या गटाचा सरकारी परवाना दाखवा म्हणा.

२०२१ मध्येच सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने कुठल्याच पिकाला भाव नाही म्हणून दोन एकरांत गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. मुदतीत उत्तर आलं नाही तर परवानगी समजू, असंही त्यांनी लिहिलं. त्यांचं दुखणं खरं होतं. पण कायद्यात सरकार गप्प बसलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.

११. घरातलं पोरगं ओढतंय. पोलिसांत गेलं तर त्यालाच आत टाकतील का?
गांजा ओढणं हाही गुन्हा आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कलम ६४-अ मध्ये एक वाट आहे. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. कोवळ्या वयात गांजाची सवय लागली की अभ्यासातलं लक्ष उडतं, आणि काहींना भास होणं, विनाकारण संशय येणं असे मानसिक आजार जडतात. मारझोड करून किंवा लपवून उपयोग नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा टोल फ्री नंबर आहे. विक्रीची किंवा लागवडीची माहिती १९३३ वर देता येते.

पिकाला भाव नाही, कर्ज फिटत नाही, आणि अशात कोणीतरी येऊन 'बी मी देतो, माल मीच उचलतो' म्हणतो. धाड पडते तेव्हा तो माणूस कुठेच नसतो. सातबारा शेतकऱ्याचा असतो आणि झाडंही त्याच्याच शेतात असतात. हो म्हणायच्या आधी एवढं ध्यानात ठेवा.