उजळणी

आमच्या माय-आजीच्या तोंडी 'उजळणं' हा शब्द भांड्यांसाठी असायचा. मंडईला पाहुणे यायचे म्हणून पितळेचे गुंड, गंज, थाळ्या चिंच आणि राख लावून अंगणात घासून ठेवायच्या. शाळेत तोच शब्द पाढ्यांसाठी. "चला रे, उजळणी म्हणा," असं गुरुजी म्हणाले की साऱ्या पोट्ट्यांनी मांडी घालून, डोळे मिटून 'बे एके बे' सुरू करायचं. भांडं आणि पाढा यांचा संबंध तेव्हा कोणी सांगितला नाही, पण तो बरोबर आहे. पितळ एकदा घासून भागत नाही, चार दिवसांनी काळं पडतंच. डोक्यात ठेवलेल्या गोष्टीचंही तसंच होतं.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ज्या गावात मी वाढलो, ते गाव माझ्या घरच्यांच्या हयातीत चार राज्यकारभारांत नांदलं. आजाच्या शाळेच्या काळात भंडारा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. शाळेवरच्या पाट्या बदलल्या, पुस्तकं बदलली, परीक्षांची नावं बदलली. वर्गातून येणारा एका सुरातला आवाज मात्र आजाच्या वेळी होता तोच माझ्या वेळीही होता.

हा आवाज कशासाठी होता, हे समजायचं तर तेव्हाची चणचण समजली पाहिजे. कागद महाग. पुस्तक तिघांत एक. पाटीवर लिहिलेलं पुढच्या गणिताला पुसावंच लागायचं, म्हणून पाटी पुसल्यावर डोक्यात जेवढं राहिलं तेवढंच आपलं. संध्याकाळी घासलेटच्या चिमणीवर वाचायचं तर माय ओरडायची, घासलेट रेशनचं होतं. मग दिवेलागणीला अंधारातच परवचा व्हायचा: पाढे, वार, महिने, नक्षत्रं. त्याला ना दिवा लागायचा ना पुस्तक. आज 'घोकंपट्टी' म्हणून ज्याला नावं ठेवतात, ती आमच्याकडे गरिबाची वही होती.

आजा दोन इयत्ता शिकलेला. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी, अडीचकी त्याला तोंडपाठ होत्या. आजच्या मुलांना ही नावंही ठाऊक नसतील. पावकी म्हणजे पावाचा पाढा: एकाची पाव, दोनाची अर्धा, तिनाची पाऊण, चाराची एक. सवाईत दोनाचे अडीच, तिनाचे पावणेचार, चाराचे पाच. दिडकीत तिनाचे साडेचार. हे पाढे हौसेचे नव्हते. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, मणाचे शेर चाळीस, शेराच्या छटाका सोळा. सगळा व्यवहार पाव, अर्धा आणि पाऊण यांत चालायचा, म्हणून पाढेही तसेच.

त्यावर आजाचा एक आडाखा होता. जितके रुपये मण, तितक्या आण्यांना अडीच शेर. धानाच्या बांधीत धान उभं असतानाच पेरलेली लाखोरी निघाली की तो ती विकायला न्यायचा. भाव बारा रुपये मण असेल तर अडीच शेराचे बारा आणे. माल भरला पंचवीस शेर, म्हणजे दहा वेळा बारा आणे, म्हणजे एकशे वीस आणे, म्हणजे साडेसात रुपये. दुकानदाराची लेखणी कागदावर टेकायच्या आत आजाचा आकडा तयार असायचा. मी लहान असताना तो मला विचारायचा, "काहून रे बापू, तुमच्या शाळेत हे शिकवत नाही का?" त्याच्यासाठी पाठांतराचा अर्थ एवढाच होता, की समोरच्यानं आपल्याला फसवू नये. ज्यांना पाढे येत नव्हते त्यांचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत राहायचा, आणि दुसऱ्याच्या वहीतला हिशेब लवकर मिटत नसे.

आजाच्या प्रश्नाचं उत्तर सरकारी होतं. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढच्या काही वर्षांत शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. दशमान पद्धतीत हिशेब सोपा झाला यात वाद नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेली सवाई-दिडकी दहा-पंधरा वर्षांत निकामी झाली. आमच्या गुरुजींनी ती आम्हाला सवयीनं थोडीफार म्हणायला लावली, परीक्षेत ती कधी आली नाही, आणि आमच्यानंतरच्या पोरांनी ती ऐकलीही नाही. व्यवहारातून गेलेली गोष्ट उजळायचं कारणच उरलं नाही, म्हणून ती काळी पडली.

आता गुरुजींच्या रीतीबद्दल. सकाळी आल्याबरोबर ते कालचा पाठ विचारायचे, पुस्तक मिटवून. शनिवारच्या सकाळच्या शाळेत आठवड्याचं सगळं विचारायचे. दिवाळीच्या आधी आणि वार्षिक परीक्षेच्या आधी पुन्हा पहिल्यापासून. पाढे म्हणताना एक हुशार पोरगा पुढे उभा, तो सांगायचा आणि वर्ग मागून म्हणायचा. मग त्याच्या जागी कच्च्या पोराला उभं करायचे. "ज्याला येत नाही त्यानंच सांगायचं," असा त्यांचा नियम. पुढे उभं राहायची भीती वाटायची, पण दुसऱ्याला सांगायचं म्हणून पोरगं रात्रीच पाढा पक्का करून यायचं.

मोठ्या पोरानं लहानाला शिकवायची ही रीत आपल्या गावठी शाळांतली फार जुनी. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा सांभाळत होता. त्यानं देशी शाळेतली मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिली, आणि आपल्या शाळेत मुलांकडूनच मुलांना शिकवून घेतलं. १७९७ साली त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं आणि इंग्लंडमध्ये ही पद्धत 'मद्रास पद्धत' म्हणून पसरली. धूळपाटीचा हा प्रवास मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळाला.

गुरुजींची शनिवारची उजळणी का लागू पडायची, हेही नंतरच कळलं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, ते किती वेळात विसरतात याची मोजदाद केली आणि १८८५ साली ती छापली. तासाभरात निम्म्याहून जास्त गळून जातं, एका दिवसात सुमारे दोन-तृतीयांश, आणि त्यानंतर गळती मंदावते, असं त्याला आढळलं. एका बैठकीत पुष्कळदा घोकण्यापेक्षा तेच पाठांतर दिवसांवर वाटून केलं तर कमी मेहनतीत टिकतं, हेही त्यानं दाखवलं. कालचं आज, आठवड्याचं शनिवारी, सहामाहीचं दिवाळीआधी, ही गुरुजींची वाटणी नेमकी तीच होती.

पुस्तक मिटवून विचारण्यालाही आधार आहे. अमेरिकेत रोएडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, दुसऱ्या वेळी न पाहता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानं मात्र दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. वाचलेलं पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असं आपण समजतो. "म्हणून दाखव" म्हटलं की खरं काय ते कळतं.

पण स्मरणशक्ती काही शाळेच्या मालकीची नव्हती. मंडईच्या दिवसांत गावात दंडार उभी राहायची. तिच्यात काम करणाऱ्यांपैकी कित्येकांना सही येत नव्हती, तरी रात्रभराची गाणी आणि संवाद त्यांच्या तोंडात. परधान लोक गोंडांच्या कुळांच्या कथा किंगरीवर गाऊन जपत आले. रोवणीच्या वेळी बांधीत वाकलेल्या बायका एकामागून एक गाणी म्हणायच्या, आणि माझी माय, जिला अक्षर ओळखता येत नव्हतं, ती एकही कडवं चुकत नसे. त्यांची आठवण चालीला, हाताच्या कामाला आणि सोबतीला बांधलेली होती. शाळेनं त्यांना 'अडाणी' या एका शब्दात बसवलं. दंडारीत राजाचं काम करणारा माझा एक सोबती चौथीत दोनदा नापास झाला होता. त्याला आठवत नव्हतं असं नाही, वर्गातलं कशाला बांधून ठेवायचं हे त्याला कोणी दाखवलं नव्हतं.

शाळेतल्या पाठांतराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विभक्तीचे प्रत्यय 'स ला ते' आम्ही एका दमात म्हणायचो, पण वाक्यातली विभक्ती ओळखा म्हटलं की माना खाली. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या अख्ख्या वर्गाला पाठ होती. पण मोहाच्या झाडाच्या सावलीत पऱ्हे पिवळे का पडतात, हे त्या व्याख्येला कोणी जोडून दाखवलं नाही. जोडलं असतं तर व्याख्या पाठ करायला दहावा हिस्साही वेळ लागला नसता. आजाची सवाई आयुष्यभर टिकली, कारण ती दर बाजाराला कामी येत होती.

दहावीची गोष्ट वेगळी. पूर्वी अकरावीला मॅट्रिक असायची. १९६६ साली राज्याचं मंडळ आलं आणि नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी १९७५ साली झाली. आमची बारी त्यानंतर थोड्याच वर्षांनी आली. आम्ही चौघं तळ्याच्या पाळीवर अभ्यास करायचो. त्यातल्या एकानं युक्ती काढली. गावापासून तळ्यापर्यंतच्या वाटेवर इतिहासाचे धडे वाटून टाकायचे. आंब्याखाली १८५७, मारुतीच्या पाराशी राष्ट्रीय सभा, तिसऱ्या बांधीच्या धुऱ्यावर असहकार, पाळीवर 'चले जाव'. जाताना प्रत्येक ठिकाणी थांबून तो धडा न पाहता सांगायचा, येताना उलट क्रमानं. परीक्षेत अडलं की मनातल्या मनात वाट चालायची. सिमोनिडीस नावाच्या ग्रीक कवीच्या नावावर ही जागांची युक्ती अडीच हजार वर्षांपासून सांगतात. आमच्यातल्या कोणी ते नाव ऐकलेलं नव्हतं.

अक्षरांच्या युक्त्या तर गावोगावी होत्या. इंद्रधनुष्यासाठी 'तानापिहिनिपाजा', पदावलीसाठी 'कंचेभागुबेव', वृत्तांच्या गणांसाठी 'यमाताराजभानसलगा', आणि महिन्यांच्या दिवसांसाठी मुठीवरची उंचवटे-खाचांची मोजणी. या युक्त्यांनी क्रम लक्षात राहतो. आधी भागाकार का आणि बेरीज नंतर का, ते वेगळं शिकावं लागतं.

पुढे वारं फिरलं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आठवीपर्यंत नापास करणं थांबलं, आणि घोकंपट्टी नको असं सगळीकडे सांगू लागले. हेतू चांगला होता. बऱ्याच ठिकाणी मात्र घोकंपट्टीबरोबर उजळणीही गेली. २०१९ साली दुसरीच्या गणितात 'सत्तावन्न'च्या जोडीला 'पन्नास सात' असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर वाद झाला. मला दोन्ही बाजू पटल्या. सत्तावन्न, अडुसष्ट, एकोणऐंशी यांत लहान पोर अडखळतं हे खरं. बाजारात समोरचा माणूस सत्तावन्नच म्हणणार, हेही खरं.

माझ्याकडे आज जी पोरं विचारायला येतात, त्यांना मी गुरुजींचंच सांगतो. धडा एकदा नीट समजून वाच. पुस्तक मीट आणि आठवेल ते लिही. जे सुटलं तेवढंच पुन्हा पाहा. दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं परत तेच कर. घरात कोणी ऐकायला असेल, अगदी आजी असली तरी चालेल, तिला सांग. ती "म्हणजे का रे?" असं विचारेल, आणि तिथंच तुला कळेल की काय आलं नाही. रात्र जागू नको. झोपेत मेंदू दिवसभराचं पक्कं करतो.

हे सगळं ऐकायला सोपं आहे. पण दिवसांवर वाटलेली उजळणी करायला दिवस हातात असावे लागतात. आमच्या भागात रोवणीला पोरींची शाळा बुडते आणि कापणीला पोरांची. मार्चमध्ये दहावीचे पेपर सुरू असतात आणि त्याच दिवसांत पहाटे मोह पडू लागतो. ज्या घरात मोहावर दोन महिन्यांचं मीठ-तेल चालतं, तिथली पोर चारला उठून टोपली घेऊन जाते आणि अकराला पेपरला बसते. तिची स्मरणशक्ती कमी नसते. तिला शनिवार मिळालेला नसतो. अशा पोरींसाठी गावातल्या दोन शिकलेल्या माणसांनी नोव्हेंबरपासून, धान घरात आल्यावर, रोज संध्याकाळचा एक तास राखला आणि पुस्तक मिटवून विचारलं, तर मोह पडायच्या आधी तिची एक पूर्ण उजळणी होऊन जाते. त्याला इमारत लागत नाही, अनुदानही लागत नाही. आमच्या वेळी तर दिवाही लागत नव्हता.