ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन

आमच्या विभागाच्या खोलीत एक लाकडी कपाट आहे. वरच्या खणात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणि खालच्या दोन खणांत एलपी. काही वर्षांपूर्वी जडसंग्रहाच्या पडताळणीत फाटकी पाकिटे आणि उसवलेले पुठ्ठे रद्दीत गेले व तबकड्या तेवढ्या एकावर एक रचून ठेवण्यात आल्या. हस्तलिखिताची पुष्पिका का महत्त्वाची, हे दरवर्षी वर्गात सांगणाऱ्या आम्हांपैकी कोणीही तेव्हा हरकत घेतली नाही. दफ्तरातला रुमाल सुटला की आतले कागद पोरके होतात, हे आम्हांला ठाऊक होते. पुठ्ठ्याचे पाकीट हाही एक रुमालच आहे, हे मात्र सुचले नाही.

अर्थात प्रारंभी ते तसे नव्हतेही. फ्रेड गायस्बर्ग १९०२ साली कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा त्या मुद्रणांच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला निघत. गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव उच्चारी. तिथल्या कारागिरांना लेबल बिनचूक लावता यावे म्हणून ही प्रथा पडली, असे सांगतात. म्हणजे पुष्पिका थेट ध्वनीतच होती! १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला. पुढेही कित्येक वर्षे ७८च्या तबकडीचे पाकीट हे जाड कागदाचे, मध्ये गोल भोक पाडलेले, असेच असे. भोकातून लेबल वाचायचे. पाकिटावर कंपनीची किंवा दुकानाची जाहिरात. आतल्या गाण्याशी तिचा काही संबंध नाही. कोणतीही तबकडी कोणत्याही पाकिटात जाई.

ती तबकडी मुख्यतः लाखेची आणि दगडाच्या भुकटीची. सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिशला वापरतो, तीच ही चपडा लाख. म्हणून ७८ची तबकडी स्पिरिटने पुसू नये. तिचा पृष्ठभागच विरघळतो. हातून पडली तर फुटते, आणि पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते. कागदाचे पाकीट तिला धुळीपासून जपे, एवढीच त्याची कामगिरी.

तरीही या तबकड्यांचे वाङ्मयीन मोल मोठे आहे. ना. घ. देशपांडे यांचा 'शीळ' हा संग्रह १९५४ साली प्रसिद्ध झाला. त्यातली शीर्षककविता मात्र १९३०च्या दशकातच जी. एन. जोशी यांच्या आवाजात घरोघर पोहोचली होती. संग्रहाच्या कितीतरी आधी कविता तबकडीवर आली. अशा वेळी तबकडी हीसुद्धा एक आवृत्तीच नव्हे काय? आणि आवृत्ती म्हटली की तिचे मुखपृष्ठ, तिचे श्रेयपृष्ठ हे प्रश्न आलेच.

त्यांचे उत्तर अमेरिकेत घडले. लांबलचक पाश्चात्त्य रचना अनेक तबकड्यांवर मावत, म्हणून त्यांची पाकिटे वहीसारखी एकत्र बांधून विकत. 'आल्बम' हा शब्द तिथला. कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस याने १९४०च्या सुमारास या वह्यांच्या कोऱ्या पुठ्ठ्यांवर चित्रे आणली. १९४८ साली त्याच कंपनीने व्हायनिलची, ३३⅓ फेऱ्यांची एलपी काढली, तेव्हा तिचे पुठ्ठ्याचे वेष्टनही त्यानेच घडवले. एलपीची खाच ७८च्या खाचेच्या तुलनेत तिसऱ्या हिश्शाइतकी बारीक, आणि व्हायनिलवर स्थिर विद्युत साचून धूळ ओढली जाते. त्यामुळे पुठ्ठ्याच्या आत आणखी एक पातळ पाकीट आले. जाणकार आतल्या पाकिटाचे तोंड वर किंवा आतल्या बाजूस ठेवतात, म्हणजे पुठ्ठ्याच्या फटीतून धूळ थेट तबकडीवर जात नाही.

याच वेळी वेष्टन बोलू लागले. पाठीमागच्या मजकुरात राग, ताल, साथीदार, प्रसंगी गायकाची तालीम कोणत्या घराण्याची, हे येऊ लागले. मध्यावरच्या लेबलवर मावत नव्हते ते सारे पुठ्ठ्यावर गेले. आमच्या मते या मजकुराचा वाङ्मयप्रकार म्हणून अभ्यास व्हायला हवा होता. प्रस्तावना आणि मलपृष्ठ यांच्या मध्ये कुठेतरी तो बसतो. असो.

तात्पर्य, जपण्याचे काम ज्याचे, त्यालाच आता जपणे आले. त्यातही एक विचित्र पेच आहे: वेष्टन तबकडीला इजाही करते. स्वस्त पुठ्ठ्यातले आम्ल कागद पिवळा नि ठिसूळ करते. आणि रद्दीप्रकरणानंतर आम्ही प्रायश्चित्त म्हणून उरलेल्या एलपींना बाजारातली मऊ, चकचकीत प्लास्टिकची पाकिटे चढवली, तो तर शुद्ध अडाणीपणा होता. ते प्लास्टिक पीव्हीसीचे होते. त्यास मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू पाझरते आणि तबकडीवर धुकट डाग पाडते. तीन पावसाळ्यांनी आम्हांला ते दिसले. पुसून जात नाही. पॉलिथीन चालते; पीव्हीसी नव्हे. तबकड्या उभ्याच ठेवाव्यात, कलत्या नव्हेत, आणि फळी मजबूत हवी, कारण शंभर एलपींचे वजन वीस किलोंच्या वर जाते.

वेष्टनाने काय सांगावे याचा सर्वांत कसून विचार १९७७ साली झाला असावा. त्या वर्षी सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे आणि तीत गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. वेष्टन ॲल्युमिनियमचे. सुई कशी ठेवावी, तबकडी किती वेगाने फिरवावी, आपला सूर्य कोठे आहे, हे त्यावर आकृत्यांनी कोरले आहे. काळ मोजता यावा म्हणून युरेनियमचा सूक्ष्म थरही त्यावर दिला आहे. कोठून आणि केव्हा, हे दोन्ही आले. गायिकेचे नाव त्या वेष्टनावर नाही. केसरबाई त्याच वर्षी १६ सप्टेंबरला गेल्या.

आमच्या कपाटातल्या तबकड्या आता पॉलिथीनच्या अस्तराच्या कागदी पाकिटांत उभ्या आहेत. वाचलेले जुने पुठ्ठे प्रत्येकीमागे वेगळे लावून दोहोंवर पेन्सिलीने एकच क्रमांक घातला आहे. अकरा एलपींना पुठ्ठा नाही. त्यांपैकी दहांची लेबले वाचता येतात. अकरावीचे लेबल ओलीने गेले आहे. एका बाजूस मारवा आहे, एवढे ऐकून कळते. कोण गाते आहे याविषयी विभागात दोन मते आहेत.